आधी सोय, मग सांगणं: आमच्या गल्लीतल्या कचऱ्याची गोष्ट

इतर पेठांतल्या ओळखीच्या बायका हल्ली विचारतात, "तुमच्या गल्लीतनं कचरा एवढा कमी कसा काय जातो?" तोंडी सांगायला बसलं की अर्धं राहून जातं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहते. नोकरीची सगळी वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. निवृत्तीनंतर गल्लीतल्या आम्ही चार-पाच जणींनी ठरवलं, की घरोघरी निघणारा कचरा कमी करायचा आणि तो कसा करायचा हे शेजारीपाजारी शिकवायचं. शिकवणं हा माझा पेशा. पण वर्गात मुलं समोर शांत बसलेली असतात. इथं समोरच्या बाईचा तवा तापलेला असतो, नळाला पाणी आलेलं असतं, आणि तिला ओला-सुका म्हणजे काय हे माहीत नसतं असंही नाही.

तेच तर महत्त्वाचं. ओला आणि सुका वेगळा करा, हे घंटागाडीच्या भोंग्यावरून रोज ऐकू येतं. केंद्र सरकारनं घनकचऱ्याचे नियम २०१६ साली केले. ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग प्रत्येक घरानं करायचे हे त्यात स्पष्ट लिहिलं होतं. महाराष्ट्राची प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना २३ मार्च २०१८ ची. एकदाच वापरून टाकायच्या प्लॅस्टिकच्या ठरावीक वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. नियमांची वानवा नाही, माहितीचीही नाही. वानवा आहे ती सोयीची. पिशवी नको म्हटलं, तर टोमॅटो कशात आणायचे? खत करा म्हटलं, तर भर पेठेत सुका पाला आणायचा कुठून? या 'कशात' आणि 'कुठून'ची व्यवस्था आम्ही आधी केली आणि मगच लोकांची दारं वाजवली. जे काही साधलं ते या क्रमामुळे साधलं, असं माझं मत आहे.

कचरा जातो कुठं, हे मात्र सुरुवातीलाच दाखवावं लागतं. पूर्वी गल्लीच्या तोंडाशी कोंडाळा असायचा, त्यात टाकलं की विषय संपला असं वाटायचं. पण सगळं शेवटी जातं कसबा बावड्याच्या डेपोवर, ज्याला गावात अजून 'झूम' म्हणतात. तिथं भाजीची देठं, शिळं अन्न आणि प्लॅस्टिक एकमेकांत दाबलं गेलं की आत हवा पोचत नाही. हवेवाचून कुजणाऱ्या ओल्या कचऱ्यातून मिथेन निघतो. तो पेट घेतो, आणि मग दिवसेंदिवस आतल्या आत धुमसत राहतं. कचऱ्याच्या डोंगराला आग का लागते हे एकदा समजलं, की आपल्या हातातलं केळ्याचं साल वेगळं ठेवण्याला अर्थ येतो. आणि जे गाडीत पडत नाही ते नाल्यात जातं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगा फुगली, जयंती नाल्याचं पाणी मागं सरून शाहूपुरी, व्हीनस कॉर्नरकडं शिरलं. पाणी ओसरल्यावर झाडांच्या फांद्यांना, तारांना, कुंपणांना पिशव्या लोंबत होत्या. ते दृश्य आमच्यातल्या प्रत्येकीनं पाहिलं होतं, त्यामुळं त्यावर भाषण करायची गरज पडली नाही.

पहिलं काम केलं ते बादल्या बघायचं. काही घरांनी आठवडाभराचा सुका कचरा पोत्यात साठवून ठेवला आणि एका रविवारी तालमीच्या कट्ट्यासमोर जुन्या चादरीवर ओतला. शिकवायला आम्ही बोलावलं होतं आमच्या भागात कचरा वेचणाऱ्या एका मावशींना. त्यांची सगळी उमर या कामात गेलेली. या विषयात त्यांच्याएवढं जाणणारं गल्लीत दुसरं कुणी नव्हतं. त्या मांडी घालून बसल्या आणि एकेक वस्तू उचलून मुठीत चुरगाळायला लागल्या. दुधाची पिशवी चुरगाळली, आवाज नाही. वेफर्सचं पाकीट चुरगाळलं, कर्रकर्र वाजलं.

"बाई, ह्ये वाजतंय न्हवं, ह्ये कोन घेत न्हाई. मऊ हाय त्येला भाव."

रसायनशास्त्राच्या अंगानं मी ते समजावू शकले असते. दुधाची पिशवी एकाच जातीच्या प्लॅस्टिकची, म्हणून ती वितळवून पुन्हा वापरता येते. वेफर्स, बिस्किटं, शाम्पूच्या पुड्या यांत प्लॅस्टिकचे वेगवेगळे थर आणि चकाकी असते. ते थर सुटे करणं परवडत नाही. पण मावशींची कानाची परीक्षा सगळ्यांच्या लगेच लक्षात राहिली. त्या दिवसापासून गल्लीतली पोरं दुकानातच पाकीट दाबून बघतात.

मावशींनी आणखी एक गोष्ट दाखवली. दुधाच्या पिशवीचा कोपरा आपण कापतो तेव्हा नखाएवढा त्रिकोणी तुकडा सुटा होतो. तो सिंकमध्ये जातो, नाहीतर झाडताना केरात जातो. पिशवी भंगारात जाते, तुकडा कुणाच्याच हाती लागत नाही. कात्री अर्ध्यावर थांबवायची आणि कोपरा पिशवीला चिकटलेलाच ठेवायचा. पिशवीत थोडं पाणी घालून हलवायचं, ते पाणी कुंडीला घालायचं, पिशवी उलटी करून दोरीवर वाळवायची. वाळलेल्या पिशव्यांचा गठ्ठा मावशींना द्यायचा. त्यांचे दोन पैसे होतात आणि त्यांना कुजक्या ओल्या घाणीत हात घालावा लागत नाही. सुका कचरा वेगळा ठेवण्याचं मला सगळ्यात जास्त पटणारं कारण हेच आहे. तो कुठल्यातरी माणसाच्या हातात जाणार असतो.

चादरीवरच्या त्या ढिगात एक वस्तू मात्र जवळजवळ नव्हतीच: पातळ पिशव्या. त्याचा उलगडा जुन्या वाड्यांत झाला. आमच्याकडं काही घरांत अजून पाण्याचा बंब पेटतो आणि तो चटकन धरावा म्हणून करवंट्यांखाली पिशव्या घालतात. सकाळी अंगणात तो उग्र वास असतो. प्लॅस्टिकचा धूर वाईटच, आणि त्यात पीव्हीसी असलं तर त्यातल्या क्लोरीनमुळं डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं तयार होतात. बंबाशेजारी बसून आंघोळीची वाट बघतात ती घरातली लहान पोरं आणि म्हातारी माणसं. इथंही आधी सोय केली: नारळाच्या शेंड्या वाळवून, त्यांची चुंबळ करून बंबाशेजारच्या डब्यात ठेवायची. शेंडी पिशवीपेक्षा लवकर धरते. ज्यांनी बघितलं त्यांनी पिशव्या घालणं सोडलं.

मग खताचा विषय. घरातल्या कचऱ्यात वजनानं निम्म्याहून जास्त ओलाच असतो, त्यामुळं तो घरातच जिरला तर गाडीकडं जायला उरतंच काय? शिवाय "पुढं सगळं एकत्रच होत असणार" ही जी शंका प्रत्येक घरात ऐकायला मिळते, तिचाही प्रश्न राहत नाही. जे घराबाहेर गेलंच नाही ते एकत्र होणार कसं?

"काकी, आमच्याकडं जागा न्हाई," हे पहिलं उत्तर. म्हणून रंगाच्या वीस लिटरच्या रिकाम्या बादल्या आणल्या. बुडाला आणि चहूबाजूंनी भोकं पाडली, खाली ताटली ठेवली. घरटी दोन बादल्या: एक भरेपर्यंत दुसरी मुरते. जिन्याखाली, न्हाणीशेजारी, गच्चीच्या दारामागं, जिथं जमेल तिथं.

खरी अडचण होती सुक्या मालाची. ओल्या कचऱ्यात नत्र जास्त आणि पाणीही जास्त. जिवाणूंना नत्राच्या पंचवीस-तीस पट कर्ब लागतो आणि तो मिळतो वाळलेल्या पाल्यात. बाजारात यासाठी नारळाच्या भुशाच्या विटा मिळतात, पण त्या विकत घ्याव्या लागतात. अहो, आपण कोल्हापूर जिल्ह्यात राहतो! उसाचं पाचट शेतात पेटवून देतात आपल्याकडं. गल्लीतल्या एकांचं शेत करवीर तालुक्यातच आहे. त्यांना सांगितलं आणि त्यांनी ट्रॉलीतून पाचटाची पोती आणून तालमीच्या मागच्या खोलीत टाकली. विळीवर किंवा अडकित्त्यानं बोटभर तुकडे करायचे. पेठेतल्या रसवंतीचा चोथाही चालतो, पण त्यात साखर राहिलेली असते, कडक उन्हात वाळवूनच घ्यावा, नाहीतर मुंग्यांची रांग लागते.

कृती सोपी आहे. तळाला चार बोटं पाचट. त्यावर विरजण म्हणून शेणकाला, त्यात आंबट ताक आणि गुळाचा खडा. कोल्हापूरचा गूळ जगात जातो, त्यातला सुपारीएवढा जिवाणूंना दिला म्हणून काही बिघडत नाही. मग रोजचा कचरा बारीक करून टाकायचा आणि प्रत्येक वेळी वरून दोन मुठी पाचट. उघडं काही दिसता कामा नये. दोन-तीन दिवसांनी उलथन्यानं खालवर करायचं. मूठभर घेऊन पिळून बघायचं: बोटांना ओल लागावी, पण थेंब गळू नये. गळला तर पाचट वाढवायचं, भुरभुरलं तर ताकाचं पाणी शिंपडायचं. वास आला म्हणजे हवा कमी पडली, पाणी जास्त झालं. बाकी काही नाही.

अळ्या दिसल्या की मात्र बायका बादली सोडून पळायच्या. शेजारच्या वैनींनी तर रात्री साडेनवाला मला हाक मारून नेलं होतं. टॉर्चच्या उजेडात राखाडी, चपट्या, गव्हापेक्षा मोठ्या अळ्या वळवळत होत्या. मी हातात घेऊन दाखवल्या. या काळ्या सैनिक माशीच्या अळ्या. ही घरमाशी नव्हे, ती जेवणावर बसत नाही आणि चावतही नाही. तिच्या अळ्या कचरा झपाट्यानं खातात. त्या नको असतील तर पाचटाचा थर वाढवायचा, की कमी होतात. त्या रात्री वैनींच्या दारात जेवढं शिकवून झालं, तेवढं दहा बैठकांत झालं नसतं. कारण गल्लीतल्या निम्म्या बायका टॉर्च बघायला जमल्या होत्या.

दोन महिन्यांत काळं, मोकळं, पहिल्या पावसाच्या मातीसारखं वास येणारं खत तयार होतं. चाळून कुंड्यांना घालायचं.

आता कोल्हापुरातला खास प्रश्न: रविवारची हाडं. बादलीत घातली तर उंदीर, घुशी येतात. कोंबडीची शिजलेली हाडं कुत्र्याला घालू नयेत, ती चिरफळतात आणि घशात रुततात. म्हणून तालमीमागं एक मोठं पिंप ठेवलं आहे, झाकणाचं. हाडं त्यात मधोमध, खाली-वर भरपूर शेण आणि पाचट. मोठ्या पिंपात ऊब धरते. हात जवळ नेला तर वाफ जाणवते. नळ्या महिनोन्‌महिने तशाच राहतात. चाळताना वर राहिल्या की पुन्हा पिंपात.

मटणाचा विषय निघाला म्हणून सांगते. आमच्या बैठकांना बायकाच यायच्या, पुरुष यायचे नाहीत. पण रविवारी सकाळी मटणाच्या दुकानासमोर रांग असते ती सगळी पुरुषांचीच. तेव्हा वर्ग तिथं भरवला. आमच्या वडिलांच्या काळात मटण डब्यातच यायचं, आणि गंगावेशीतून दूध किटलीत. दुकानदारांशी आधी बोलून ठेवलं. ते डबा काट्यावर ठेवतात, त्याचं वजन आधी वजा करतात आणि मगच मटण घालतात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. मापात शंका राहत नाही. झाकणाचा स्टीलचा डबा गाडीच्या डिकीत कायम ठेवायचा, सोबत जुन्या साडीची शिवलेली पिशवी. मिसळ बांधून आणायची तर कटासाठी किटली न्यायची. उकळता, तेलाचा तवंग असलेला कट पातळ पिशवीत ओतून गाठ मारून आणतात, ते बघून माझ्या जिवाचा थरकाप होतो. तरुण पोरांना हे पटायला वेळ लागला नाही. "काकी, डब्यात वाढीव येतंय," असं एकजण म्हणाला, आणि ते कारणही मला चालतं.

बायकांच्या बाजूनं सगळ्यात अवघड गोष्ट निघाली संक्रांतीचं वाण. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवं चालतात आणि प्रत्येक घरातून प्लॅस्टिकची एक डबी, एक गाळणी, एक साबणदाणी हातात पडते. प्रेमानं दिलेली वस्तू टाकवत नाही आणि वापरवतही नाही. हळदीकुंकू बंद करा म्हणणं मला स्वतःलाच मान्य नव्हतं. वर्षातून एकदा सासुरवाशिणी, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या, भाडेकरू बायका एकत्र बसतात ते मोडायचं कशाला? आम्ही लक्ष्मीपुरीतल्या धान्य लाईनमधून नाचणी आणि राळं घाऊक आणलं, वर्तमानपत्राच्या पुड्या बांधल्या आणि ज्यांना हवं त्यांना त्याच भावात दिलं. कुणी गुळाचे खडे दिले, कुणी गवती चहाची रोपं दिली, कुणी भाजीसाठी सुती पिशव्या. विधवा बायकांनाही बोलवायचं असं आम्ही त्याच वर्षी ठरवलं. तो विषय वेगळा आहे, पण सांगावासा वाटला.

पुढं बारशी, डोहाळजेवणं, वाढदिवस. कागदाच्या दिसणाऱ्या पत्रावळ्या आणि कपांना आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो; त्याचं खतही होत नाही आणि रद्दीतही कुणी घेत नाही. तालमीकडं महाप्रसादाची मोठी पातेली होतीच. वर्गणी काढून ताटं, वाट्या, पेले घेतले आणि त्यांवर गल्लीचं नाव घालून घेतलं. कार्यक्रम असेल त्यानं न्यायची, घासणाऱ्या बाईंची मजुरी द्यायची आणि मोजून परत करायची. याच खोलीत हळूहळू शिडी, ड्रिल मशीन, मोठा सोऱ्या, पुरणयंत्र अशा वर्षातून एकदोनदा लागणाऱ्या वस्तू जमल्या. साधं राहणं म्हणजे मनाला मुरड घालणं, असं लोकांना वाटतं. आमच्या गल्लीत ते शेजाऱ्याकडं हक्कानं मागायला जाणं आहे. वस्तू घरात कमी आल्या म्हणून कुणाचं अडलं नाही.

नवीन वस्तू घ्यायची इच्छा झाली तर आम्ही एक पद्धत ठेवली: भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला तिचं नाव लिहायचं आणि पंधरा दिवसांनी वाचायचं. अजून हवीशी वाटली तर खुशाल घ्यावी. घरातल्या सुनांनी हे सासवांपेक्षा मनावर घेतलं, कारण मोबाईलवर बोट लावलं की खोकं दारात, याचा त्रास त्यांनाच जास्त जाणवतो.

कोल्हापूरच्या माणसाला रीत बदलायचं वावडं नाही. होळीला शेणी जाळण्याऐवजी पंचगंगेच्या स्मशानभूमीला दान करायची हाक दिली, तर तालीम मंडळं शेणींचे ट्रॅक्टर भरून नेतात. नदीऐवजी काहिलीत गणपती विसर्जित करणारी कितीतरी घरं आहेत. या दोन्हींत लोकांना 'सोडा' म्हटलं नाही, 'इथं द्या' म्हटलं. आम्ही गणपतीच्या दिवसांत निर्माल्याचं पिंप ठेवतो तेव्हा शेजारी एक कात्री दोरीनं बांधून ठेवतो, हारातला दोरा, जर आणि थर्माकोलचे मणी काढून घ्यायला. कात्री नव्हती तोवर हार तसेच पडायचे.

काही प्रश्न सुटलेले नाहीत. बाळांचे डायपर आणि सॅनिटरी पॅड यांचं काय करायचं? मुलींपैकी काहीजणी कापडी पॅड आणि कपकडं वळल्या आहेत, पण हा ज्याच्या त्याच्या शरीराचा, पाण्याच्या आणि जागेच्या सोयीचा मामला आहे. तिथं कुणी कुणावर जोर करू नये. जे वापरतात त्यांनी कागदात घट्ट गुंडाळून, वरून ओळखू येईल अशी लाल खूण करून वेगळं द्यावं, एवढं आम्ही सगळ्यांकडून पाळून घेतो. उघडा पॅड दुसऱ्या बाईच्या हाताला लागावा, हे कुणालाच नको आहे. दिवसा घरात लंगोट, बाहेर जाताना डायपर, अशी विभागणी काही तरुण आयांनी सुरू केली. बटणसेल, मोबाईलच्या बॅटऱ्या, फुटलेल्या ट्यूबलाइट, जुनी औषधं यांसाठी तालमीत झाकणाचा वेगळा डबा आहे. तो भरला की आरोग्य निरीक्षकांना कळवून त्यांच्या ताब्यात देतो.

ज्यांना आपल्या गल्लीत हे सुरू करायचं आहे त्यांना माझं सांगणं आहे की मुहूर्त दिवाळीनंतरचा धरा. ऊसतोड सुरू झालेली असते, पाचट हवं तेवढं मिळतं आणि हवा कोरडी असल्यानं पहिली बादली बिघडत नाही. पावसाळ्यात पहिल्यांदा सुरू केलं तर ओल आवरत नाही आणि लोक खट्टू होतात. पाचट भरून ठेवायला कोरडी खोली आधी शोधा, पोती जमिनीला टेकू न देता फळीवर ठेवा, आणि भागात कचरा वेचणाऱ्या बाईंना पहिल्याच बैठकीला बोलवा. त्यांच्या त्या दिवसाच्या मजुरीची रक्कम आधी त्यांच्या हातात द्या, मग चादर पसरा.